चंद्रगोलावरची कोरी पट्टी

१९६१ साली सोव्हिएत संघात निघालेल्या चंद्रगोलावर एक रुंद पट्टी कोरी होती. चंद्र आपल्याकडे एकच बाजू धरून फिरतो. तो किंचित डोलतो म्हणून आलटूनपालटून ५९ टक्के पृष्ठभाग तरी दिसतो. पलीकडची पहिली छायाचित्रे ऑक्टोबर १९५९ मध्ये लूना ३ यानाने घेतली. तीही धूसर, आणि त्यांत त्या बाजूचा सुमारे ७० टक्केच भाग आला. जे दिसले नाही ते गोल करणाऱ्यांनी अंदाजाने रंगवले नाही. शिकवण्याच्या साधनांत इतका प्रामाणिकपणा क्वचितच आढळतो.

जिथे घाईने भरले तिथे फसगत झालीच. एक उजळ पट्टा पाहून ती पर्वतरांग ठरवली गेली आणि तिला ‘सोव्हिएत पर्वत’ असे भारदस्त नाव मिळाले. पुढे स्पष्ट छायाचित्रे आली तेव्हा तिथे पर्वत नव्हतेच; नाव नकाशातून काढावे लागले. ‘मॉस्को समुद्र’ मात्र टिकला, पाण्याचा थेंब नसताना!

बंगळुरात हा गोल फिरवताना वेगळेच काही खुपते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन, होमी भाभा आणि विक्रम साराभाई एकाच वेळी काम करत होते. आज तिघांच्याही नावाची विवरे चंद्रावर आहेत, पण ती नावे दिली गेली १९७० च्या दशकात. भाभांचे विवर तिघांत सर्वांत मोठे, सुमारे ६४ किलोमीटर व्यासाचे; मात्र ते पलीकडच्या बाजूला असल्याने पृथ्वीवरून कितीही मोठी दुर्बीण लावली तरी दिसायचे नाही. १९६१ च्या गोलावर यांतले कोणीच नाही. चंद्राचे नकाशे तेव्हा दुसऱ्यांनी करायचे आणि आपण पाठ करायचे, असाच रिवाज होता.

तो रिवाज याच शहरात मोडला. २००८ मध्ये निघालेल्या चांद्रयान-१ च्या कॅमेऱ्याला पाच मीटरपर्यंतचा तपशील टिपता येत होता. चांद्रयान-२ चा कॅमेरा पाव मीटरच्या आसपासच्या तपशिलापर्यंत पोचला. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ हे अवतरक यान चंद्रावर उतरले तेव्हा सूत्रे बंगळुरातल्याच पीण्या भागातील नियंत्रण केंद्रात होती. उतरण्याच्या जागेचे ‘शिवशक्ती’ हे नाव मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानेही मान्य केले. अभिमान वाटतोच. पण नाव देण्याची हौस आणि माहिती असणे यांतले अंतर ‘सोव्हिएत पर्वतां’नी आधीच दाखवून दिले आहे, तेही आपण लक्षात ठेवावे.

कारण नव्या चंद्रगोलांवर कोरी जागाच उरलेली नाही. सगळे कसे गुळगुळीत, पूर्ण! मुलाला वाटते, चंद्र संपला. प्रत्यक्षात दक्षिण ध्रुवाजवळच्या काही विवरांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोचत नाही. तिथे बर्फ किती आहे, कोणत्या रूपात आहे आणि ते उपसता येईल का, हे नक्की ठरलेले नाही. चांद्रयान-१ वरच्या अमेरिकी उपकरणाने पाण्याच्या खुणा दाखवल्या त्या २००९ मध्ये. त्यानंतर प्रश्न सुटण्याऐवजी वाढलेच.

शाळांसाठी चंद्रगोल बनवणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: या विवरांचे तळ रंगवू नका. आणि शिक्षकांनो, तिथे काय आहे असे मुलांनी विचारले, तर ‘अजून कळलेले नाही’ असे बेधडक सांगा.