ट्रंक माळ्यावरून काढ

चि. सोनू,


तुझा निरोप काल रात्री वाचला. आजी म्हणते दारात भाऊ बसलाय, एसटी चुकेल म्हणून सारखी ट्रंक मागते. बाबांनी समजावलं, ‘‘आई, भाऊमामाला जाऊन बावीस वर्षं झाली,’’ तर ती रडली. रडणारच. तिचा भाऊ काल पुन्हा गेला.

बाबांवर रागावू नकोस. मी वॉर्डात याहून वाईट केलंय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ रात्रभर म्हणत होते, ‘‘पिशवी भरा, ताई न्यायला आलीय.’’ भीत नव्हते, उलट माहेरी निघाल्यासारखी घाई. मी डॉक्टरांना विचारून झोपेचं इंजेक्शन दिलं, सलाईन उपटतील म्हणून हात बांधले. पहाटे मुलगा गावाहून पोचला तेव्हा ते घोरत होते. पुन्हा बोललेच नाहीत. मी त्याला ताईचं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘त्यांना बहीण होती?’’

आमच्या आयाबाई आमच्याहून शहाण्या. ‘‘सिस्टर, सात नंबरला बोलावणं आलं,’’ म्हणायच्या आणि नातेवाइकांना थांबवून घ्यायच्या. आम्ही हसायचो.

पुढे हे बोलावणं कागदावरही आलं. अमेरिकेत बफलोच्या हॉस्पिसमध्ये डॉ. ख्रिस्तोफर केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटच्या दिवसांतल्या ५९ रुग्णांना रोज विचारलं, काय दिसलं? २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. बहुतेकांना निदान एकदा तरी असं स्वप्न पडलं होतं किंवा जागेपणी कोणी दिसलं होतं, आणि ते त्यांना अगदी खरं वाटलं होतं. प्रवासाची तयारी वारंवार येई. मरण जवळ येई तशी गेलेली माणसं जास्त दिसत, आणि सर्वांत जास्त दिलासा त्यांचाच. सगळंच गोड नव्हतं. काही स्वप्नं छळणारीही होती.

त्याआधी ओसिस आणि हॅराल्डसन या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या आणि उत्तर भारतातल्या डॉक्टर-नर्सना विचारून १९७७ मध्ये पुस्तक काढलं. अमेरिकनांना आईबाप, नवरा-बायको न्यायला येत. आपल्याकडे देव नाहीतर यमदूत. आणि ‘मी येत नाही’ म्हणणारेही आपल्यातच जास्त! आपली माणसं यमाशीसुद्धा हुज्जत घालतात. पलीकडे काही आहे का, हे मात्र यावरून ठरत नाही, आणि मला ते ठरवायचंही नाही.

आजीचं एक आधी बघ. ताप आहे का, लघवी तुंबलीय का, पोट साफ होतंय का, नवी गोळी सुरू झालीय का. आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं, हवेत चाचपडायला लागली, किंचाळली, कपडे ओढायला लागली, तर तो वात. लगेच डॉक्टरांना कळव. दोन्ही एकत्रही असू शकतं. पण तू लिहितेस, ती तुला नावाने ओळखते, चहात साखर कमी म्हणते आणि भाऊचं कालचं आज नीट सांगते. म्हणजे तिला तिच्या दारात बसू दे.

‘नाही’ म्हणू नकोस. ‘मलाही दिसतो’ असं खोटंही नको. तिला ते तेव्हाच कळेल. नुसतं विचार, ‘‘काय म्हणतो भाऊ?’’ आणि ऐक. ट्रंक माळ्यावरून काढ, पण रिकामी देऊ नकोस. तिची इरकल, चष्मा, अडकित्ता घाल. हात फिरवत बसेल.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तोवर भाऊ दारातच बसतो की आत येतो, ते बघून ठेव. आणि जमलं तर विचार, माझं नाव काढतो का. शेवटची चार वर्षं तो माझ्याशी बोलत नव्हता. हे तुला घरात कोणी सांगितलं नसेल.

तुझी,
मावशीआजी