हिंगोट आणि एक्स-रे

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गौतमपुऱ्यात हिंगोट-युद्ध होते. गौतमपुऱ्याचा 'तुर्रा' आणि रुणजीची 'कलंगी' (नावे आपल्या शाहिरांच्या कलगी-तुऱ्याची, पण येथे सवाल-जवाब आगीचे!) असे दोन पक्ष हिंगोटाच्या कोरलेल्या फळांत बंदुकीची दारू भरतात आणि ती पेटवून एकमेकांवर फेकतात. माणसे भाजतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उतरतात. त्यांतलाच एक आमच्या शाळेचा शिपाई. एके दिवशी तो मला घाबरून विचारतो, ''सर, डॉक्टर ने बिटिया की छाती का एक्स-रे लिखा है. किरणों से कुछ होगा तो नहीं?''

मला हसू आले नाही. या प्रश्नावर शास्त्रज्ञांचेही एकमत नाही.

मोठ्या मात्रेने कर्करोग वाढतो, हे हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या दीर्घ अभ्यासाने पक्के केले. वाद आहे तो साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या खालचा. तेथे भर पडत असली तरी एरवीच्या रुग्णसंख्येत ती वेगळी दिसत नाही. म्हणून धोक्याची रेघ सरळ शून्यापर्यंत ओढावी, असे एक पक्ष म्हणतो. शरीर आपली डागडुजी करते, थोड्याला भिऊ नये, असे दुसरा. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे. तेथील सुमारे सत्तर हजार लोकांच्या पाहणीत, २००९ च्या निष्कर्षानुसार, किरणांमुळे कर्करोग वाढलेला आढळला नाही. उलट फ्रान्स, ब्रिटन व अमेरिकेतील तीन लाखांहून अधिक अणुकामगारांच्या पाहणीत, २०२३ साली, थोड्या मात्रेतही वाढ दिसली.

छातीच्या एका एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्टच्या आसपास; निसर्ग पंधरवड्यात तेवढी देतोच. मी म्हटले, ''उद्याच काढून आण. तीन आठवड्यांचा खोकला त्याहून वाईट.''

पण तारापूरसारख्या अणुकेंद्राच्या चालकाने शेजारच्या गावाला 'एवढ्याने काय होते?' म्हटलेले मला चालणार नाही. त्याने शून्यापर्यंतची रेघ खरी धरूनच वागावे. आमचे विज्ञानशिक्षक म्हणतात, ही लबाडी झाली. आकडा एक तर उत्तर एक हवे. मला तसे वाटत नाही. एक्स-रेचा लाभ त्या मुलीलाच आहे. केंद्राची वीज दूर जाते आणि धोका शेजाऱ्याच्या अंगणात राहतो. तुर्र्याचा गडी ढाल घेऊन स्वतः मैदानात उतरतो. बघायला आलेल्या पोराला हिंगोट लागले, तर 'थोडेच भाजले' असे आपण त्याच्या आईला सांगतो का?

एक्स-रेत डाग निघाला, औषध वेळेवर सुरू झाले. पुढे बोलता बोलता शिपाई म्हणाला, पोर हलत होती म्हणून तिला धरायला त्यालाच आत उभे केले होते. शिशाचा एप्रन कोणी दिला नाही. मी त्या दवाखान्यात जाऊन विचारले.

''अहो सर,'' तेथले गृहस्थ हसून म्हणाले, ''एवढ्याने काय होते?''