आजीचे दुपटे



जुलै महिन्याचा चौथा रविवार हा आजी-आजोबांचा रविवार. पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली हा दिवस साऱ्या ख्रिस्तसभेला दिला. 26 जुलै हा पवित्र मरियेचे आईवडील संत योआकीम आणि संत आन्ना, म्हणजे आपल्या प्रभूचे आजी-आजोबा, यांचा सण. त्याच्या जवळचा रविवार म्हणून हा निवडला गेला. पण आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात 26 जुलै म्हटले की आठवतो तो 2005 सालचा पूर. उल्हास नदी घराघरांत शिरली होती. पाणी ओसरल्यावर कितीतरी दिवस कठड्यांवर आणि कुंपणांवर चिखलाने भरलेल्या गोधड्या वाळत होत्या.

त्या पुरातून वाचलेले एक लुगडे आम्ही नुकतेच पाहिले. आमच्या धर्मग्रामातील एक आजी त्या वेळी बदलापुरात तळमजल्यावर राहत होत्या. त्यांच्या आईचे नऊवारी लुगडे पत्र्याच्या ट्रंकेत होते. ट्रंक पाण्यात बुडाली, लुगडे हाती लागले, पण एका बाजूचा चिखलाचा डाग काही गेला नाही. आजी आता अंबरनाथला राहतात. परवा आजारी माणसांना कम्युनियन देऊन परतताना आम्ही त्यांच्याकडे डोकावलो, तर फरशीवर तेच लुगडे पसरलेले. नातवासाठी दुपटे शिवायला घेतले होते. (हे सारे आम्ही त्यांच्या परवानगीने, नाव न घेता लिहीत आहोत.)

तान्ह्या बाळाला नवे कापड टोचते, म्हणून दुपट्याला जुनेच सुती कापड हवे. जितके जास्त धुतलेले तितके चांगले. आजींनी खाली लुगडे अंथरले होते. त्यावर धोतराचे पान आणि सगळ्यात वर तुकड्यांची ठेवण. एक तुकडा त्यांच्या कैलासवासी यजमानांच्या खाकी शर्टाचा. ते ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. शर्टाची बटणे काढून ठेवली होती, कॉलर टाकून दिली होती, बाळाच्या अंगाखाली जाड शिवण येऊ नये म्हणून. चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवून कापड ताणले होते. आधी कच्चे टाके, मग कडेपासून आत आत धावदोरा.

काठाला निळ्या जीन्सची बारीक पट्टी होती. उल्हासनगरच्या कॅम्पात जीन्स शिवणाऱ्यांकडून उरलेले तुकडे किलोवर मिळतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. आम्ही सहज म्हणालो, "आजी, हे तर कोरे कापड. जुन्यावर कसे बसेल?"

त्यांनी हातातली सुई तशीच धरून आमच्याकडे पाहिले. "फादर, हेच तुम्ही मला दोन वर्षांमागं म्हणला होता."

होय, म्हणालो होतो. आजींच्या मुलाने उल्हासनगरच्या एका सिंधी कुटुंबातील मुलीशी रजिस्टर लग्न करायचे ठरवले, तेव्हा त्या विचारायला आल्या होत्या की जाऊ की नको. आम्हांला मिस्साची घाई होती. नव्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला कुणी लावत नाही, हे प्रभूचे बोलणे (मार्क 2:21) आम्ही त्यांच्यापुढे टाकले आणि निघालो. बिशपांची सूट घेऊन असा विवाह चर्चमध्येही लावता येतो, मुलाला घेऊन या, बसून बोलू, एवढे तरी सांगायला हवे होते. ते राहिले. आजी लग्नाला गेल्या नाहीत. दोन वर्षे मायलेकांत बोलणे नव्हते. अंबरनाथ आणि बदलापूर ही लोकलची लागोपाठची स्टेशने, पण तेवढा प्रवास कुणी केला नाही. नातू झाल्याचे आजींना शेजारणीकडून कळले.

त्या उठल्या आणि स्वतःची गोधडी घेऊन आल्या. तिला एकदा घाईत जीन्सचा कोरा तुकडा लावला होता. पहिल्याच धुण्यात तो आटला, भोवतीचे जुने कापड ओढले गेले आणि टाक्याच्या कडेने फाटले. निळा रंगही उतरला. "ही पट्टी तीनदा गरम पाण्यातून काढलीया," त्या म्हणाल्या. "कापड नवं म्हणून फाडत नाही फादर. न धुता लावलं म्हणून फाडतं."

आम्ही सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो. जुने आणि नवे यांवर निबंध लिहिले. कापड आटते, हे मात्र आम्हांला स्वयंपाकघरात कळले. घरी येऊन मूळ ग्रीक वचन उघडले. मार्कने तिथे केवळ 'नवे' म्हटलेले नाही. त्याचा शब्द आहे 'आग्नाफोस', म्हणजे ज्याला अजून परटाचा हात लागलेला नाही असे कापड. प्रभूच्या रूपांतराच्या वेळी त्याची वस्त्रे पृथ्वीवरील कोणत्याही परटाला जमणार नाही इतकी शुभ्र झाली, असे मार्क सांगतो (9:3), तिथला परीटही याच धातूतला. प्रभू हे कोणत्या पोथीत शिकला नसेल. नाझरेथच्या घरात मरियेला ठिगळ लावताना त्याने पाहिले असावे.

आता या दाखल्याचा अर्थ नव्याला जुन्याच्या मापाचे करून घ्या, असा मुळीच नाही. प्रभू तिथे स्वतःबरोबर आलेल्या नव्या आनंदाविषयी बोलतो. आजींच्या एका वाक्यावर आम्ही सगळे धर्मज्ञान उभारणार नाही. पण ते वचन सूनबाईंविरुद्ध वापरण्याचा अधिकार आम्हांला नव्हता, एवढे नक्की. आजींना आम्ही विचारले, "मग आटायचे कुणी? सुनेने?" त्या म्हणाल्या, "लुगडं काय कमी पाण्यातून गेलंय का?"

नव्या करारात 'आजी' हा शब्द एकदाच येतो. संत पौल तीमथ्याला लिहितो की, तुझ्यातील विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता (2 तीमथ्य 1:5). आणि प्रेषितांच्या कृत्यांत (16:1) कळते की तीमथ्याची आई यहुदी, पण वडील ग्रीक होते. म्हणजे लोईसच्या घरातही परक्या समाजाचा जावई आला होता. त्या लग्नाला लोईस गेली होती की नाही, हे शास्त्र सांगत नाही. नातवापर्यंत मात्र ती पोहोचली.

आमच्या आजीही पोहोचल्या. गेल्या महिन्यात एका दुपारी त्या एकट्याच बदलापूरच्या गाडीत बसल्या. दार सुनेने उघडले. आत तिची आईही आलेली होती. काय बोलणे झाले ते आजींनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. आम्हांला एवढेच कळले की पाळण्यात एक जुनी रल्ली होती, सिंधी बायका चौकोन-त्रिकोण जोडून शिवतात तशी. फाळणीनंतर ते कुटुंब सिंधमधून कल्याण कॅम्पच्या बराकीत आले, तेव्हा सामानाच्या गाठोड्याला ती गुंडाळलेली होती. त्या वेळी त्या जागेला उल्हासनगर हे नावही नव्हते. ते 1949 साली मिळाले. आजींनी रल्ली उलटून टाके पाहिले. "आमच्यासारखाच धावदोरा," त्या म्हणाल्या. दोघी विहिणींचे पहिले बोलणे टाक्यांवरून झाले, असे दिसते.

दुपटे आता जवळजवळ झाले आहे. गोधडी उपाशी ठेवू नये म्हणून कोपऱ्यावर कापडाची छोटी घडी शिवतात, तिला आजी 'घास' म्हणतात. तीन कोपऱ्यांना घास लागले आहेत: एक लुगड्याचा, एक खाकी शर्टाचा, एक विहीणबाईंनी दिलेल्या फुलाफुलांच्या कापडाचा. बाळाच्या स्नानसंस्काराविषयी घरात अजून काही ठरलेले नाही. आई-बाप दोघे आमच्याकडे येणार आहेत, आणि या वेळी आम्ही घाईत नसू.

चौथा कोपरा रिकामा आहे. त्यासाठी सूनबाईंनी आपली लग्नातली ओढणी काढून दिली आहे. कोरीच होती, म्हणून आजींनी ती दोनदा धुतली. पावसामुळे वाळायला वेळ लागतो आहे.