तोवर

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायच्या अंकात देवाविषयीच्या शंकेचा विषय काढणे म्हणजे करंज्यांच्या ताटात कारले वाढण्यासारखेच आहे. पण शंका काही मुहूर्त पाहून येत नाही, आणि माझ्या घरी तर ती गेली काही वर्षे मुक्कामालाच आली आहे. पाहुणा उठून जात नसेल, तर त्याच्याशी चार शब्द बोलावेत हे बरे.

माझी तिची पहिली भेट झाली १९७२ च्या दुष्काळात. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमचे घर सोलापुरात, साखर पेठेत. वडील गिरणीत कामाला. जिल्ह्यात पिके करपली होती, विहिरी आटल्या होत्या. खेड्यापाड्यांतली माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती; तिथे त्यांना सुकडी मिळे. आम्हां शहरवाल्यांना रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळे. शाळूच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेल्या सोलापूरकराच्या घशाखाली ती तांबूस भाकरी काही केल्या उतरत नसे. मग आई ती थापता थापता मला दामाजीपंतांची गोष्ट सांगे.

गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. मंगळवेढे आमच्याच जिल्ह्यातले, काळ्याभोर जमिनीचे आणि ज्वारीचे. बहमनी राजवटीत दामाजीपंत तिथले अंमलदार. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा पंतांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना खुली करून दिली. बेदरच्या बादशहाला हे कळले आणि पंतांना धरून नेण्यासाठी शिपाई आले. पंत वाटेत असतानाच विठू महार नावाचा एक माणूस दरबारात पोचला. त्याने साऱ्या धान्याची किंमत मोजून दिली, पावती घेतली आणि तो दिसेनासा झाला. तो साक्षात विठोबा, असे कथा सांगते. महिपतींच्या ‘भक्तविजया’ने ती घरोघर पोचवली.

मी आईला विचारले, “तेव्हा विठोबा आला, मग आता का येत नाही?”

आई महिन्याची वारी करणारी. गळ्यात तुळशीची माळ. ती रागावेल असे मला वाटले. ती रागावली नाही, आणि तिने उत्तरही दिले नाही. तव्यावरची भाकरी उतरवून तिने अर्धी मोडली आणि म्हणाली, “येईल तेव्हा येईल. तोवर ही खालच्या म्हातारीला नेऊन दे.”

जिन्यात मी त्या अर्ध्या भाकरीतला एक तुकडा मोडून खाल्ला. म्हातारीला ते कळले नाही. मला मात्र अजून आठवते.

पुढे मी मास्तर झालो, चार पुस्तके वाचली आणि शंकेला शहाणपणाचे कपडे चढले. मी म्हणू लागलो, की देवाने जर सगळे पैसे भरून टाकले, तर पंतांचे पुण्य ते काय? ती तर बुडण्याची भीती नसलेली ठेव झाली! आणि त्या दुष्काळात ज्यांच्यापर्यंत ते धान्य पोचलेच नाही, त्यांच्यासाठी विठोबाला का सवड झाली नाही? हे प्रश्न मी मोठ्या ऐटीत विचारीत असे. ते खोटे नव्हते. आजही मला त्यांची उत्तरे सापडलेली नाहीत. पण गोष्टीतली एक जागा मी इतकी वर्षे पाहिलीच नव्हती. कोठार उघडले त्या घटकेपासून बेदरला पैसे पोचेपर्यंत मध्ये काही दिवस गेले असतील. त्या दिवसांत पंतांना काय ठाऊक होते? दाराशी उपाशी माणसे आहेत आणि मागे बादशहाची तलवार आहे, एवढेच. विठोबा येणार हे आपल्याला ठाऊक असते, कारण आपण गोष्ट शेवटाकडून ऐकतो. पंत ती आरंभाकडून जगत होते. भक्त असतील, पण पावती त्यांच्या हातात नव्हती. त्यांचे सारे मोठेपण त्या मधल्या दिवसांत आहे.

असे मधले दिवस ज्याच्या वाट्याला आले आणि ज्याच्यासाठी शेवटी कोणीही विठू धावून आला नाही, असाही एक माणूस आमच्या गावाने दिला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. भैय्या चौकातले त्यांचे घर आज स्मारक आहे. १९३८ साली, जपानने चीनवर स्वारी केली असताना, भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. परक्या भाषेत, अपुऱ्या साधनांनिशी, त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि शिकाऊ मुलांना ती विद्या शिकवली. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या विकाराने ते तिकडेच गेले. वय ३२. मागे पत्नी आणि काही महिन्यांचे मूल. त्याच वर्षी त्यांनी ज्या पक्षाचे सभासदत्व घेतले होते, तो पक्ष देव न मानणारा. देवाची भीती गेली की माणुसकी जाते, असे कोणी म्हणाले की मला भैय्या चौकातले ते घर आठवते.

पण दुसऱ्यांची उदाहरणे देणे सोपे. माझे स्वतःचे काय?

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे पंढरपूरच्या मंदिराचे दार बंद झाले. त्या आषाढीला, १ जुलैला, संतांच्या पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरीला आल्या; मागे दिंड्या नव्हत्या. देवाने दार लावून घेतले म्हणून लोक हळहळले. माझे दार तर त्याआधीच लागले होते. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई गल्लीच्या टोकाला राहतात. उरलेल्या वेळात घरी विड्या वळतात. टाळेबंदीत दोन्ही कामे थांबली. एप्रिलमध्ये एका सकाळी त्या दाराशी आल्या. मी खिडकीतूनच सांगितले, “सगळे सुरळीत झाले की या, मग पाहू.” पगाराचे नाव काढले नाही. माझा पगार मात्र बँकेत बिनबोभाट जमा होत होता. आणि त्या संध्याकाळीही मी देवापुढे निरांजन लावले, हात जोडले, ‘सर्वांचे भले कर’ म्हणालो. तेव्हा माझी शंका शांत झोपलेली होती. श्रद्धा अगदी शाबूत होती!

बायकोला हे कळले तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तोंडाला पदर बांधून ती स्वतः गेली आणि पैसे देऊन आली. नोव्हेंबरात, पाडव्याला, राज्यातली देवळे उघडली. आमची दोघांची ती शेवटची दिवाळी. एप्रिल २०२१ मध्ये ती गेली. मला तिचे तोंडही पाहता आले नाही. घरी येऊन मी देवघराचे दार ओढून घेतले. मलाही तोच आजार झाला होता, म्हणून चौदा दिवस एकटा कोंडलेला.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर डबा ठेवल्याचा आवाज झाला. ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगाचटणी. दाराबाहेरून त्या बाई म्हणाल्या, “मास्तर, जेवा आधी. बाई असत्या तर मलाच रागावल्या असत्या.”

मी आतून म्हणालो, “मी तुम्हांला दारातून परत पाठवले होते.”

“ते असू द्या. भाकरी गार होईल.”

चौदा दिवस डबा आला. त्यात देवाचे नाव एकदाही निघाले नाही. ती देवाचीच कृपा, असे माझी आई म्हणाली असती. मी तसे म्हणू शकत नाही, आणि नाकारायचीही हिंमत होत नाही. एवढे मात्र कळले, की जो प्रश्न सोडवल्यावाचून पुढे जाता येणार नाही असे मी समजत होतो, तो तसाच ठेवून त्या बाई रोज उंबऱ्यापर्यंत येत होत्या.

देवघराचे दार मी पुढे उघडले. निरांजन लावतो, ते देवासाठी की ते घासूनपुसून ठेवणारीसाठी, हे मी स्वतःला विचारीत नाही. शंका शेजारी बसलेली असतेच. यंदाही चकल्या मला नीट साधलेल्या नाहीत, पण पहिले ताट भरून झाले आहे आणि ते गल्लीच्या टोकाला पोचवायचे आहे. वाटेत त्यातले काही खायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.