उपकाराचें साम्राज्य

मालवणच्या बंदरावर उभें राहून समोरच्या सिंधुदुर्गाकडे पाहूं लागलें म्हणजे मनांत प्रथम अभिमान येतो आणि मागाहून प्रश्न येतात. १६६४ सालीं कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं या दुर्गाचा पाया घातला, ही अभिमानाची गोष्ट. पुढें तो करवीरकरांकडे असतां १७६५ सालीं इंग्रजांनीं घेतला, त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असें नांव दिलें, आणि पुढल्याच वर्षीं पैसे व करार पदरांत पाडून परत केला. १८१२ सालच्या करवीरच्या तहानें मालवण पुन्हां त्यांच्याकडे गेलें तें मात्र परत आलें नाहीं. या सर्व प्रकरणीं इंग्रजांचें म्हणणें एकच असे: समुद्रावरील चांचेगिरी मोडावयाची आहे. हें कारण निव्वळ खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. मालवणच्या गलबतांनीं व्यापाऱ्यांस लुटलें होतें. परंतु वाटेवरील चोरी बंद करावयास निघालेला मनुष्य गांवाचाच मालक कसा होतो, हें कोडें त्या कारणानें सुटत नाहीं.

दुसऱ्याचें भलें करण्याच्या इच्छेंतून त्याच्यावर राज्य करण्याचा अधिकार उत्पन्न होतो काय? या प्रश्नाची खरी परीक्षा इंग्रजांच्या इतिहासांत नव्हे, तर अमेरिकेच्या इतिहासांत झाली. 'लोकांच्या संमतीवांचून आम्ही कोणावर राज्य करणार नाहीं', अशी शपथ इंग्रजांनीं कधीं घेतली नव्हती. अमेरिकेचें राष्ट्र मात्र १७७६ सालीं त्याच तत्त्वाचा उच्चार करून जन्मास आलें.

त्या राष्ट्राविषयीं महाराष्ट्राच्या मनांत आदर होता, आणि तो सकारण होता. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो निग्रो गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस. आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीची पदवी मिळाली ती १८८६ सालीं फिलाडेल्फियास. त्याच वर्षीं पंडिता रमाबाई तिकडे गेल्या, आणि १८८९ सालीं त्या देशाच्या लोकस्थितीवरचा त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्रजांचें जूं झुगारून देणारें व गुलामांच्या बेड्या तोडणारें राष्ट्र, असें चित्र आपल्या सुशिक्षितांसमोर होतें.

त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनीं, १८९८ सालीं, त्या चित्रावर काजळी धरली. क्यूबा बेटांतील लोकांस स्पेनच्या जुलमांतून सोडवावें म्हणून अमेरिकेनें युद्ध पुकारलें, आणि क्यूबा आपण ठेवणार नाहीं असें आपल्या विधिमंडळांत आधींच जाहीर केलें. थोड्याच महिन्यांत स्पेन हरलें. १० डिसेंबर रोजीं पॅरिस येथें झालेल्या तहानें पोर्तोरिको व ग्वाम हीं बेटें अमेरिकेस मिळालीं, आणि दोन कोटी डॉलर देऊन फिलिपिन बेटें तिनें घेतलीं. ज्या हवाई बेटांच्या राणीस १८९३ सालीं मळेवाल्यांच्या पक्षानें अमेरिकन नाविकांच्या छायेंत पदच्युत केलें होतें, तीं बेटेंही त्याच वर्षीं राज्यास जोडलीं गेलीं. क्यूबा शब्दाप्रमाणें सोडली खरी, परंतु तेथील ग्वांतानामोचें ठाणें १९०३ च्या करारानें भाड्यानें घेतलें तें आजतागायत सोडलेलें नाहीं.

यांत फिलिपिनांची गोष्ट अत्यंत बोधप्रद आहे. तेथील लोकांनीं एमिलियो अग्विनाल्दो याच्या नेतृत्वाखालीं १२ जून १८९८ रोजींच आपलें स्वातंत्र्य घोषित केलें होतें. त्यांचा वकील पॅरिसला गेला. त्यास तहाच्या बैठकींत कोणी घेतलें नाहीं. विकणारा हजर, विकत घेणारा हजर, आणि ज्यांचें घर विकलें जात होतें ते मात्र दाराबाहेर, असा तो व्यवहार झाला! अध्यक्ष मॅकिन्ले यांनीं या धोरणास हितबुद्धीनें सामावून घेणें अशा अर्थाचें नांव दिलें. मुंबईंत जन्मलेल्या किपलिंग यांनीं १८९९ च्या आरंभीं अमेरिकेस उद्देशून कविता लिहून हें 'गोऱ्या माणसाचें ओझें' तिनें उचलावें असा उपदेश केला. त्याच फेब्रुवारींत मनिलाजवळ बंदुका वाजूं लागल्या. पुढील तीन वर्षांत सुमारे चार हजार अमेरिकन आणि वीस हजार फिलिपिनो सैनिक पडले. लढाई, दुष्काळ व रोगराई मिळून सुमारें दोन लाख रयत मेली असें मानितात. युद्ध संपल्याची घोषणा झाली ती ४ जुलै १९०२ रोजीं, म्हणजे अमेरिकेच्याच स्वातंत्र्यदिनीं.

अमेरिकेंत या गोष्टीस विरोध करणारे लोक नव्हते असें नाहीं, आणि हें त्या राष्ट्राच्या पुण्याईचें लक्षण होय. १८९८ सालींच बोस्टन येथें साम्राज्यविरोधी संघ निघाला. १८९६ सालीं मुंबईस येऊन व्याख्यानें देऊन गेलेले मार्क ट्वेन पुढें त्याचे उपाध्यक्ष झाले. पॅरिसच्या तहास वरिष्ठ सभेंत मान्यता मिळाली ती ५७ विरुद्ध २७ मतांनीं. दोन-तृतीयांश मतांची अट असल्यामुळें तो थोडक्यांतच तरला.

आतां साम्राज्याच्या बाजूनें जें बोलतां येईल तें प्रामाणिकपणें ऐकिलें पाहिजे. १९०१ सालीं 'थॉमस' नांवाच्या जहाजानें सुमारें पांचशें शिक्षक मनिलास आणले. १९१६ च्या कायद्यानें अमेरिकेनें स्वातंत्र्याचें अभिवचन दिलें, आणि ४ जुलै १९४६ रोजीं, म्हणजे आपल्या आधीं वर्षभर, तें पाळलें. मग एवढें कल्याण झाल्यावर आरंभीच्या संमतीचा हट्ट कशास, असें कोणी विचारील. आम्ही स्वतः इंग्रजी विद्येवर वाढलेले. शाळेचें मोल आम्हांस कोणी शिकवावयास नको. परंतु देणगीचें मोल आणि देणाऱ्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेजाऱ्यानें आमच्या घरांत बळेंच शिरून किल्ल्या घेतल्या आणि आमच्या मुलांस अक्षरें शिकविलीं, तर अक्षरें चांगलींच. परंतु तेवढ्यानें घर त्याचें होत नाहीं.

शिवाय, जो उपकार करतो तोच जेव्हां न्यायाधीश होतो, तेव्हां उपकार पुरा केव्हां झाला हें कोणीं ठरवावें? रुग्ण बरा झाल्याचें वैद्यानेंच सांगावयाचें आणि बरा होईपर्यंत त्याचें घर वैद्याच्याच ताब्यांत, असा करार कोणता शहाणा मनुष्य करील? या करारानें वैद्याचीही नीति बिघडते. १९०१ पासूनच्या निकालांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं नव्या बेटांस तिची राज्यघटना संपूर्णपणें लागू नाहीं. पोर्तोरिकोंत राहणाऱ्या नागरिकांस अध्यक्षाच्या निवडणुकींत आजही मत नाहीं. संमतीचें तत्त्व परक्याच्या बाबतींत सोडलें कीं तें घरांतही दोन मापांचें होतें.

परंतु येथें थांबून आपण टाळ्या वाजवूं लागलों तर हा लेख लिहिणें व्यर्थ. १७४२ पासून सुमारें दहा वर्षें नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनीं बंगाल प्रांत लुटला. त्या 'बर्गीं'चें भय बंगाली मातांच्या अंगाईगीतांत आजही टिकून आहे. आपल्या बखरींत तीं चौथाईची स्वारी आहे, तेथल्या आयांच्या ओठीं ती दरवडेखोरी आहे. मालवणच्या गलबतांस इंग्रज जें म्हणत आणि मालवणकर स्वतःस जें म्हणवीत, त्यांतही हेंच अंतर होतें. बळकटाच्या कृत्यास नांव देण्याचा अधिकार बळकटास नसतो. तो ज्याच्या अंगावर तें कृत्य येतें त्याचा असतो.

४ डिसेंबर २०२३ रोजीं भारताच्या नौदलानें आपला वार्षिक दिन या सिंधुदुर्गाच्या परिसरांत साजरा केला. समुद्रावरील आपलें बळ वाढत आहे, आणि तें वाढावें असेंच आम्हांस वाटतें. बळाबरोबर शेजाऱ्यांचें कल्याण करण्याची इच्छाही वाढेल, आणि ती मनापासूनची असेल. अमेरिकेंतील पुष्कळांचीही ती मनापासूनचीच होती. म्हणून अशा वेळीं आपला हेतु शुद्ध आहे काय, एवढेंच विचारून भागणार नाहीं. ज्यांचें भलें करावयाचें त्यांस आधीं विचारलें काय, आणि त्यांनीं 'नको' म्हटलें तर निमूटपणें परत फिरण्याची आपली तयारी आहे काय, हें विचारलें पाहिजे. हा प्रश्न परक्यांस विचारण्याचा हक्क आपण फार दुःख सोसून मिळविला आहे. तो स्वतःस विचारण्याचें धैर्य आपल्याला असावें, एवढीच आमची इच्छा आहे.