नांवाचें ऋण

नांव हें एका मनुष्यास दुसऱ्यापासून निराळा ओळखतां यावा म्हणून ठेवलेलें असतें, अशी आपली साधी समजूत आहे. प्राचीन रोमचा इतिहास वाचूं लागलेल्या वाचकास ही समजूत लवकरच सोडावी लागते. एका केटोचें चरित्र संपवावें, तों शंभर वर्षांनंतर त्याचा पणतू दुसरा केटो पुढें उभा राहतो. एका सिपिओनें इ. स. पू. २०२ मध्यें हॅनिबॉलचा पराभव केला असें वाचावें, तों इ. स. पू. १४६ मध्यें दुसरा सिपिओ कार्थेजची राखरांगोळी करतांना दिसतो. ब्रूटस नांवाचे पुरुष तर इतके आहेत कीं, सीझरच्या वधाच्या एकाच कटांत त्यांपैकीं दोघे सामील होते. हा घोटाळा केवळ विद्यार्थ्यांना छळणारा आहे असें समजून पुष्कळ लोक तो सोडून देतात. आम्हांस मात्र त्यांत नीतिशास्त्राचा एक खरा प्रश्न दडलेला दिसतो. पूर्वजाचें नांव धारण करणाऱ्यावर त्या नांवाचें कांहीं ऋण असतें काय? आणि असल्यास तें फेडावें कसें?

प्रथम त्या लोकांची रीत समजून घेतली पाहिजे. रोमन पुरुषाच्या नांवाचे सामान्यतः तीन भाग असत. पहिलें नांव व्यक्तीचें, दुसरें कुळाचें आणि तिसरें त्या कुळाच्या शाखेचें. व्यक्तिनामें नेहमींच्या वापरांत जेमतेम अठरा-वीस होतीं आणि लिहितांना तीं एक-दोन अक्षरांतच आटोपीत. त्यांतही थोरल्या मुलास बापाचेंच नांव देण्याची चाल असे. मुलींना तर स्वतंत्र नांव बहुधा नसेच. कुळाच्या नांवाचें स्त्रीलिंगी रूप हेंच त्यांचें नांव. सीझरच्या दोन्ही बहिणी ज्युलियाच होत्या, आणि अँटनीला ऑक्टेव्हियेपासून झालेल्या दोन्ही मुली अँटोनियाच. एक थोरली, एक धाकटी, एवढाच काय तो भेद. आपल्याकडेही आजोबांचें नांव नातवास ठेवतात, पण त्यांत मुख्य भाग प्रेमाचा. रोमन मनुष्याच्या दृष्टीनें नांव ही घराण्याची मिळकत होती आणि व्यक्ति हा तिचा तात्पुरता वहिवाटदार होता.

या मिळकतीचें दर्शन त्यास रोज घडे. थोर घराण्यांत, ज्या पूर्वजांनीं मोठीं अधिकारपदें भूषविलीं त्यांचे मेणाचे मुखवटे दिवाणखान्यांत जपून ठेवलेले असत. घरांत मृत्यु झाला म्हणजे हे मुखवटे घालून आणि त्या त्या पूर्वजाच्या पदाचा पोषाख करून माणसें अंत्ययात्रेंत चालत. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानें या प्रसंगाचें वर्णन केलें असून, तरुणांच्या मनांत पराक्रमाची आकांक्षा उत्पन्न करण्यास याहून प्रभावी देखावा नाहीं असा त्याचा अभिप्राय आहे. त्याचें म्हणणें खोटें नव्हे. नांवाच्या लाजेनें कित्येक माणसें हीन कृत्यांपासून परावृत्त झालीं असतील, आणि नांवाच्या अभिमानानें कित्येकांनीं रणांत पाय मागें घेतला नसेल. हें श्रेय नांवास दिलेंच पाहिजे.

परंतु नांव मनुष्यास केवळ वर खेचतें असें नाहीं. तें त्याला भलत्याच ठिकाणीं ढकलूंही शकतें. रोमच्या प्रजासत्ताकाच्या जन्मकथेंतच याचें एक विलक्षण उदाहरण आहे. परंपरेप्रमाणें इ. स. पू. ५०९ मध्यें लुसियस ज्यूनियस ब्रूटस यानें टार्क्विनियस या उन्मत्त राजास हांकून दिलें. राजपुत्रानें केलेल्या अत्याचारामुळें लुक्रीशिया या साध्वीनें आत्महत्या केली, हें त्या उठावाचें निमित्त. लुक्रीशियेचा पति कोलाटिनस हा ब्रूटसच्या बरोबरीनें नव्या राज्याचा पहिला कॉन्सल झाला. पण त्याचें कुळनाम टार्क्विनियस होतें. लोकांना तें नांव कानीं पडणेंही सहन होईना. राजाचा सर्वांत मोठा अपराध ज्याच्या घरीं घडला, त्याच मनुष्यास केवळ नांवासाठीं पद सोडून नगराबाहेर जावें लागलें, आणि त्यास तसें सांगण्यांत ब्रूटसच पुढें होता, असें लिव्ही सांगतो. यांतील खोंच अशी कीं, स्वतः ब्रूटस हा राजाच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता. टार्क्विन घराण्याचें रक्त दोघांच्याही अंगीं होतें. एकाकडे तें बापाच्या बाजूनें आलें म्हणून तो देशोधडीस लागला. दुसऱ्याकडे आईच्या बाजूनें आलें म्हणून तो राष्ट्राचा जनक ठरला. लिव्हीनें हें सर्व सुमारें पांचशें वर्षांनंतर लिहिलें, आणि त्यांतील किती इतिहास व किती दंतकथा याविषयीं आधुनिक पंडितांस शंका आहे. पण आमच्या प्रश्नास त्यामुळें बाध येत नाहीं. कारण पुढील रोमन लोक या कथेवर विश्वास ठेवून वागले, ही गोष्ट निर्विवाद आहे.

तसा वागणारा सर्वांत प्रसिद्ध मनुष्य म्हणजे इ. स. पू. ८५ मध्यें जन्मलेला मार्कस ज्यूनियस ब्रूटस. त्याची आई सर्व्हिलिया हीदेखील, राज्यतृष्णेच्या संशयावरून एका धनिकास ठार करणाऱ्या अहाला नांवाच्या पुरुषाच्या कुळांतली. अशा रीतीनें दोन्हीकडून स्वातंत्र्यरक्षकांचा वारसा आपणांस लाभला आहे असें तो मानी. इ. स. पू. ५४ च्या सुमारास टांकसाळीचा अधिकार हातीं येतांच त्यानें जीं नाणीं पाडलीं, त्यांवर स्वातंत्र्यदेवता, आद्य ब्रूटस आणि अहाला यांच्या प्रतिमा आहेत. त्याच्या विनंतीवरून अ‍ॅटिकसनें ज्यूनियस घराण्याची वंशावळही तयार करून दिली होती.

इ. स. पू. ४४ मध्यें सीझर आजन्म हुकूमशहा झाला, तेव्हां रोमकरांनीं या नांवाची हुंडी वटविण्याकरितां त्याच्या दारांत गर्दी केली. आद्य ब्रूटसच्या पुतळ्यावर, तूं आज हवा होतास, अशा अर्थाचे लेख कोणी रात्रीं लिहून जाई. मार्कस त्या वर्षीं न्यायाधिकारी होता. त्याच्या आसनावर, तूं झोंपला आहेस, तूं खरा ब्रूटसच नव्हेस, अशा आशयाच्या चिठ्ठ्या सांपडूं लागल्या. कटवाल्यांना त्याची तरवार फारशी नको होती. हवें होतें तें त्याचें नांव. त्या नांवानें खून हा यज्ञ ठरणार होता.

आतां या नांवाचा आधार तपासून पाहावा. आद्य ब्रूटसच्या दोन मुलांनीं राजास परत आणण्याचा कट केला, आणि बापानें कॉन्सल या नात्यानें त्यांस देहांताची शिक्षा देऊन ती स्वतःच्या डोळ्यांदेखत अमलांत आणविली, अशी कथा आहे. मग पुढें वंश चालला कसा? हा प्रश्न प्राचीनांनाही पडला होता. तिसरा एक तान्हा मुलगा वांचला होता असें कोणी म्हणत; आद्य ब्रूटस उच्च वर्गांतला आणि पुढचे ज्यूनियस सामान्य वर्गांतले, तेव्हां त्यांचा संबंधच नाहीं, असेंही कोणी म्हणत. शिवाय मार्कस आपल्या आईकडील घराण्यांत दत्तक गेला होता, आणि त्याचें कायदेशीर नांव क्विंटस सर्व्हिलियस सीपिओ ब्रूटस असें झालें होतें. म्हणजे ज्या नांवाच्या ऋणासाठीं त्यानें हात रक्तानें माखले, तें रक्ताच्या नात्यानें संशयास्पद आणि कायद्यानें अर्धें सुटलेलें होतें.

कोणी म्हणेल, वंशावळ खरी कीं खोटी यानें काय बिघडतें? ब्रूटसनें त्या नांवांतला आदर्श स्वीकारला होता, एवढें पुरे. हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे, आणि मार्कसच्या ठायीं स्वतःचें असें कांहीं नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या बापास पाँपीनें ठार मारविलें होतें, तरी इ. स. पू. ४९ मध्यें न्याय्य पक्ष म्हणून तो पाँपीच्याच बाजूस गेला. त्याच्या शत्रूनें, प्रत्यक्ष अँटनीनें, कटवाल्यांत हा एकच निर्मत्सर बुद्धीनें वागला असें म्हटल्याचें प्लूटार्क लिहितो. असा मनुष्य केवळ चिठ्ठ्या वाचून चळला असें मानणें अन्यायाचें होईल.

तथापि नांवाशीं इमान आणि आदर्शाशीं इमान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतर मार्कसच्याच आयुष्यांत उघड दिसतें. सायप्रस बेटांतील सॅलॅमिस नगरास त्यानें आपल्या हस्तकांकरवीं शेंकडा ४८ दरसाल व्याजानें कर्ज दिलें होतें. वसुलीसाठीं त्या हस्तकानें घोडेस्वार नेऊन तेथील सभासदांना सभागृहांतच कोंडलें, आणि त्यांपैकीं पांच जण उपासमारीनें मेले. इ. स. पू. ५१ मध्यें सिसेरो त्या प्रांताचा अधिकारी होऊन गेला, तेव्हां हें प्रकरण त्याच्यापुढें आलें. शेंकडा १२ हून अधिक व्याज त्याला मान्य नव्हतें, आणि धनको स्वतः ब्रूटसच आहे हें कळल्यावर त्यास धक्काच बसला. नाण्यावर स्वातंत्र्यदेवता कोरणाऱ्या पुरुषास सॅलॅमिसच्या सभागृहांतील जुलूम दिसला नाहीं. कां दिसला नाहीं? आमच्या मतें याचें कारण असें कीं, त्याच्या नांवानें त्याला जुलमाचें एकच रूप शिकविलें होतें, आणि तें म्हणजे राजा. वारशानें आलेला सद्गुण ठराविक प्रसंगींच जागा होतो. प्रसंगाचें रूप पालटलें कीं तो शत्रूला ओळखीत नाहीं.

हीच गोष्ट प्रत्यक्ष वधालाही लागू पडते. आद्य ब्रूटसनें राजास मारलें नाहीं. त्यानें त्यास हद्दपार केलें, आणि राजाच्या जागीं दर वर्षीं बदलणारे दोन अधिकारी नेमण्याची व्यवस्था केली. मार्कसनें मनुष्य मारला, पण त्याच्या मागें काय उभारावयाचें याची कांहींच सिद्धता केली नाहीं. साडेचारशें वर्षांनीं जग पालटलें होतें. एका नगराचें राज्य आतां समुद्रावलोकी साम्राज्य झालें होतें, आणि सैन्यें राष्ट्राशीं नव्हे तर सेनापतीशीं बांधलेलीं होतीं. नांवाच्या सारखेपणानें हा फरक झांकून टाकला. तोच ब्रूटस, तोच राजा, तोच खेळ, असें वाटलें. परंतु खेळ तो नव्हता.

दुसऱ्या ब्रूटसचा, डेसिमसचा, येथें उल्लेख केला पाहिजे. गॉलमधील युद्धांत तो सीझरचा विश्वासू सरदार होता, आणि सीझरच्या मृत्युपत्रांत दुय्यम वारसांत त्याचें नांव होतें. त्या दिवशीं घरीं राहूं पाहणाऱ्या सीझरचें मन वळवून त्यास सभेकडे नेणारा हाच. नांव तेंच, कटही तोच. पण एकाच्या कृत्याची चर्चा दोन हजार वर्षें चालली आहे, आणि दुसऱ्याचें नांव शेक्सपिअरच्या नाटकांतही चुकून ‘डेसियस’ असें पडलें आहे.

वधानंतरच्या दिवसांत तर नांवांनीं अनर्थच मांडला. सीझरच्या अंत्यविधीनंतर खवळलेल्या जमावास हेल्व्हियस सिन्ना भेटला. तो सीझरचा मित्र. पण कॉर्नेलियस सिन्ना नांवाच्या दुसऱ्या गृहस्थानें सीझरची निंदा केली होती. जमावास एवढा विवेक कोठून असणार? त्यानें मित्रासच ठार केलें. हें ऐकून कास्का नांवाच्या एका अधिकाऱ्यानें जाहीर पत्रक लावलें कीं, सीझरवर पहिला वार करणाऱ्या कास्काशीं आपला नांवापलीकडे कांहीं संबंध नाहीं. हें वाचून हंसूं येतें. पण क्षणभरानें ध्यानांत येतें कीं, कोलाटिनसला असें पत्रक लावण्याचीही सोय नव्हती. नांवाच्या पुण्याईवर जो समाज मान देतो, तो नांवाच्या पापावर शिक्षाही देणारच. एक घेऊन दुसरें नाकारतां येत नाहीं.

शेवटीं नांवानें सर्वांत मोठा विजय मिळविला तो भलत्याच बाजूस. सीझरच्या बहिणीचा अठरा वर्षांचा नातू मृत्युपत्रानें दत्तक झाला आणि गायस ज्युलियस सीझर हें नांव लावूं लागला. हा पोर सगळें कांहीं नांवाच्या जिवावर करतो, असें अँटनीनें त्यास हिणविलें. टोमणा अचूक होता, पण जुने शिपाई त्या नांवामागेंच गेले. इ. स. पू. ४२ मध्यें फिलिपीच्या रणांत मार्कसनें आत्महत्या केली. त्याच वर्षीं त्यानें पाडलेल्या नाण्याच्या एका बाजूस दोन खंजीर आणि मुक्त दासाची टोपी आहे, व दुसऱ्या बाजूस त्याचा स्वतःचा मुखवटा आहे. जिवंत मनुष्याची प्रतिमा नाण्यावर घालणें हा सीझरविरुद्धच्या आक्षेपांपैकीं एक होता! मनुष्य मेला होता, नांव मेलें नव्हतें. रशियाचा झार आणि जर्मनीचा कैसर १९१७ व १९१८ सालीं पदच्युत होईपर्यंत तें सिंहासनांवर बसत होतें.

मग नांवाचें ऋण नाहींच काय? आहे; पण तें कोणतें, हें आद्य ब्रूटसच्याच चरित्रावरून ठरवावें. ‘ब्रूटस’ या शब्दाचा अर्थ मंद किंवा जड. राजाच्या भीतीनें वेड पांघरलेल्या मनुष्यास लोकांनीं दिलेलें तें हिणकस टोपणनांव होतें. त्याच्यापुढें अनुकरणासाठीं कोणी पूर्वीचा ब्रूटस नव्हता. आपल्या काळाची गरज त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली, आणि तिची किंमत स्वतःच्या मुलांनीं चुकविली. सिसेरोचेंही तसेंच. हरभऱ्यावरून पडलेलें तें नांव बदलावें असा सल्ला मित्रांनीं दिला, तेव्हां आपण तें मोठमोठ्या घराण्यांच्या नांवांहून उजळ करूं, असें त्यानें उत्तर दिल्याचें प्लूटार्क सांगतो. ज्यांनीं नांवें मोठीं केलीं, त्यांच्यापैकीं कोणीही नांवाकडे पाहून वागला नव्हता.

तेव्हां पूर्वजाचें नांव हें साक्षीदार मानावें, न्यायाधीश मानूं नये. आपण काय केलें हें त्यास पाहूं द्यावें. काय करावें हें त्यास विचारूं नये. पूर्वजाच्या कृत्याची पुनरावृत्ति करणें सोपें असतें, कारण तें कृत्य आयतें सांपडतें. त्यानें ज्या जागृत बुद्धीनें तें केलें, ती बुद्धि मात्र प्रत्येकास नव्यानेंच कमवावी लागते. हें ऋण ज्यास फेडावयाचें असेल त्यानें आधीं आपल्या सॅलॅमिसकडे पाहावें. पुतळ्यावर कोणी काय लिहिलें तें मागाहून वाचलें तरी चालेल.