इन्शाअल्लाह म्हणताना

5 सप्टेंबरला आमच्या उर्दू शाळेत एक पद्धत आहे. मुलांना एकेक करून समोर बोलवायचे आणि विचारायचे, मोठेपणी कोण होणार? दोन वर्षांपूर्वी सहावीतली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "डॉक्टर. इन्शाअल्लाह." टाळ्या पडल्या. मी तेवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण बी.एड.ला पाठटाचणात उद्दिष्टे लिहून लिहून माझा हात तयार झालेला. मी तिच्याकडून एका कार्डशीटवर लिहून घेतले: रोज पाच तास अभ्यास, प्रत्येक विषयात नव्वद गुण. खाली तिची सही. कागद वर्गाच्या भिंतीवर लावला.

पंधरा दिवसांनी ती भिंतीकडे पाठ करून बसू लागली. नंतर येईनाशीच झाली. मी घरी गेले. आई विड्या वळत होती, मुलगी कात्रीने तेंदूची पाने कापत होती. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय त्या घरात दिवस संपत नाही. त्यातल्या खराब म्हणून ठेकेदार काढून टाकील त्या वेगळ्याच. पाच तास कुठून येणार होते? हे मला त्या दिवशी दिसले. विचारायला हवे होते आधी. ती हळूच म्हणाली, "आपा, वो कागज निकाल दो ना. मैं झूठी पड गई."

हे 'झूठी' मला लागले. ठरवलेले झाले नाही तर माणूस खोटा ठरतो का?

आपल्या धर्मात शब्दाला मोठे वजन आहे. सूरह सफ्फमध्ये मोमिनांना सरळ विचारले आहे की जे करीत नाही ते बोलता कशाला? सूरह कहफमध्ये मात्र अगदी पैगंबरांना (स.) ताकीद आहे की उद्या अमुक करीन असे म्हणताना अल्लाहच्या मर्जीची जोड दिल्याशिवाय म्हणू नये. पहिली आयत माणसाला जबाबदार धरते, दुसरी त्याला त्याची मर्यादा दाखवते. इन्शाअल्लाह या शब्दात ही दोन्ही ओझी आहेत. आपण मात्र त्याचे काय केले? शिंपी 'गुरुवारी देतो, इन्शाअल्लाह' म्हणाला की आपण समजतो, ईदला जुनेच कपडे घालायचे आहेत. जबाबदारी घेण्याआधी उच्चारायचा शब्द आपण जबाबदारी झटकण्यासाठी वापरतो.

फिकहच्या अभ्यासकांनी नुसता इरादा आणि कसम यांत फरक केला आहे. कसम मोडली तर कफ्फारा आहे: दहा गरिबांना जेवण किंवा कपडे किंवा एक गुलाम मुक्त करणे, यातले काहीच शक्य नसेल तर तीन रोजे. म्हणजे मोडलेल्या शब्दाचाही हिशेब आहे, आणि हिशेब आहे म्हणून परतण्याची वाटही आहे. त्या मुलीने तर कसम खाल्लीच नव्हती. शब्दही तिचा नव्हता. मी तिच्या तोंडी घातला होता. कफ्फारा निघत असेल तर तो माझ्याकडे.

मग मला हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांची हदीस आठवली. तरुण वय, नवे लग्न, आणि ठरवले काय, तर रोज रोजा धरायचा आणि रोज रात्री पूर्ण कुराण वाचायचे. तक्रार वडिलांनीच पैगंबरांपर्यंत (स.) नेली. त्यांनी अब्दुल्लाहना सांगितले की शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा आहे, पत्नीचा आहे. महिन्यात तीन रोजे पुरे. अब्दुल्लाह म्हणत राहिले, मला याहून जास्त झेपेल. शेवटी हजरत दाऊद यांच्यासारखा एक दिवस रोजा, एक दिवस सुट्टी, यावर बोलणे थांबले. पुढे म्हातारपणी ते हळहळत, ती सवलत घेतली असती तर! पण अंगावर घेतलेले त्यांनी सोडले नाही. अशक्तपणात सलग काही दिवस रोजे सोडत आणि मोजून पुढे भरून काढत.

या हदीसमध्ये मला सर्वांत नवल वाटते ते हक्क या शब्दाचे. ध्येय ठरवणे ही आपण एकट्याची बाब समजतो. पण माझ्या दिवसावर आधीच कुणाकुणाचे हक्क आहेत हे न मोजता मी पाच तास लिहिले, तर ते तास मी कुणाचे तरी घेते आहे. त्या मुलीच्या पाच तासांवर तिच्या आईच्या हजार विड्यांचा हक्क होता. तो असावा का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सहावीतल्या मुलीने द्यायचे नाही.

इथे मला एक भीतीही वाटते. 'झेपेल तेवढेच ठरवा' हा उपदेश आपल्या मुलींना फार लवकर आणि फार प्रेमाने केला जातो. शिवणकाम शीक, झेपेल. आठवीपर्यंत पुरे, झेपेल. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात आपल्या समाजाच्या शिक्षणाचे जे चित्र आले, त्यामागे गरिबी होती, शाळांची कमतरता होती. पण ही प्रेमळ कात्रीही थोडीफार असेलच. मग मी त्या मुलीला डॉक्टर होऊ नकोस म्हणायचे का?

उत्तर मला मदरशात मिळाले. हिफ्ज करणाऱ्या मुलाचे ध्येय लहान नसते. तीसच्या तीस पारे, पंधरा ओळींच्या प्रतीत साधारण सहाशे पाने. पण त्याला कोणी सहाशे पाने दाखवत नाही. आजचा सबक पाच ओळी. त्या चालीने एक पान तीन दिवसांत, सगळे कुराण पाच वर्षांत. सबकाबरोबर आमोख्ता असतोच, म्हणजे मागचे रोज उस्तादांना ऐकवायचे. ध्येयाची उंची कमी करायची नाही, पायरीची करायची. ही दोन मापे मी एकच समजले होते. आणि ऐकायला रोज कोणीतरी बसलेले असते, हेही मी विसरले. मी कागद लावला आणि निघून गेले.

आमच्या भंडारा जिल्ह्यात मोठा संकल्प शोधायला लांब जावे लागत नाही. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दचे भूमिपूजन झाले, तेव्हा खर्चाचा अंदाज 372 कोटींचा होता. 2009 मध्ये प्रकल्प राष्ट्रीय झाला. 2023 मध्येही कामे चालूच होती. पाटाच्या पाण्याची वाट पाहत इथे पिढी म्हातारी झाली. त्या काळात रोवणी झाली ती पावसावर, विहिरींवर आणि कोहळी लोकांनी गावोगाव बांधून ठेवलेल्या जुन्या तलावांच्या पाण्यावर.

कागद मी काढला, तिच्यासमोर. मग तिलाच विचारले, तुला काय जमेल? तिने बराच वेळ विचार केला. म्हणाली, पाने कापताना हात गुंतलेले असतात, तोंड रिकामे असते. विज्ञानाचे एक पान आदल्या दिवशी वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी कापता कापता अम्मीला सांगायचे. मी म्हटले, आणि सकाळी मला. ती आता आठवीत आहे. मधे महिनाभर खंड पडला होता, रोवणीचे दिवस होते. परत आली तेव्हा राहिलेली पाने तिने बोटांवर मोजली आणि विचारले, "आपा, जुम्मे को छुट्टी रखें क्या?"

मी म्हटले, ठेव. शुक्रवारी आता मला दारात तिची वाट पाहावी लागत नाही, तरी मी थोडा वेळ उभी राहते.